झुंबरबाईंची कबुतरं

कोल्हापुरातल्या एका पेठेत, तालमीच्या पुढच्या खोलीत झुंबरबाई तीस वर्षं बालवाडी चालवत होत्या. पोरांना अक्षरं नाही आली तरी चालेल, पण गोष्ट कळली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यातही कबुतरांची गोष्ट लाडकी. सगळ्या कबुतरांनी एकदम पंख मारले आणि पारध्याचं जाळंच उचलून नेलं, हे सांगताना बाई स्वतः हात फडफडवायच्या. गोष्टीनं माणूस घडतो, अशी त्यांची भाबडी समजूत होती.

यंदा गणपतीत तालमीच्या मंडळाला साऊंडचे बॉक्स ठेवायला जागा कमी पडली. अध्यक्ष राजवीरनं निरोप धाडला, रविवारपर्यंत खोली मोकळी करा. बाईंचं घर दीड खोल्यांचं. तालमीतली खोली सुटली की बालवाडी बंदच. बाईंनी पोरांच्या आयांना गोळा केलं. त्यातल्या निम्म्या त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. सगळ्यांनी मिळून राजवीरला भेटायचं ठरलं. माना तर सगळ्यांनीच डोलावल्या.

रविवारी सकाळी तालमीच्या दारात बाई एकट्या. वाट बघून त्या तणतणत त्या आयांतल्याच एका जुन्या विद्यार्थिनीच्या, स्वप्नालीच्या घरी गेल्या. ती मटणासाठी कांदा चिरत होती. नवरा मंडळात, दीर मंडळात, उगाच वाकडं कशाला घ्यायचं, असं काहीबाही सांगत राहिली. बाईंनी कबुतरांची आठवण करून दिली, तर ती हसली.

"बाई, मांजराच्या घंटेची गोष्ट बी तुमीच सांगितलीसा की. ज्यानं सुचवलं, त्यानंच बांधायची."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं घसा फोडला आणि पोरींनी त्यातली नेमकी सोयीची गोष्ट उचलली. बरं, चुकलीस म्हणावं तर धडा अगदी बरोबर पाठ होता.

शेवटी त्या एकट्याच तालमीत राजवीरकडे गेल्या. तोही त्यांचाच विद्यार्थी. पाया पडला, खुर्ची दिली, चहा मागवला. बाई पोटतिडकीनं बोलत होत्या, तो "व्हय बाई, व्हय बाई" करत होता, आणि त्याच्या पाठीमागं मंडळाची माणसं पोरांच्या सतरंज्या बाहेर काढत होती.

संध्याकाळी काय झालं ते विचारायला मात्र सगळ्याजणी बाईंच्या दारात आल्या. एकही घरी राहिली नव्हती.

"आत्ता बऱ्या जमलासा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.