अहवालात सगळे सुखरूप

दिल्लीतल्या आमच्या सरकारी कार्यालयात भूकंपाचं मॉक ड्रिल होतं आणि त्याचा प्रमुख मी होतो. निवृत्तीला आलेल्या शिपायाला मी तिसऱ्या मजल्यावर टेबलाखाली जखमी म्हणून झोपवलं. स्ट्रेचर येईपर्यंत हलायचं नाही, असं बजावलं.

भोंगा वाजला, सगळे खाली आले. स्ट्रेचर मधोमध ठेवून मोठ्या साहेबांबरोबर फोटो झाले, मग समोसे आले. ‘सर्व जखमींना सुखरूप बाहेर काढले’ असा अहवाल मी तिथूनच पाठवला.

जेवून वर गेलो तर शिपाई टेबलाखालीच.

"सर, स्ट्रेचर नहीं आया," तो म्हणाला.

मी हात पुढे केला. तो टेबलाचा पाय धरून उठला.

अहवाल दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली असती. मी केला नाही.