व्हाउचर आहे म्हणून बेसिनजवळ बसायचं?

मंडळी, आत्ताच चिंचवडच्या एका हॉटेलातून आलेय. डोकं अजून तापलेलंच आहे.

चाकणच्या कंपनीत कँटीनच्या पोळ्या लाटणाऱ्या माझ्या आईला आज मोठ्या हॉटेलात जेवायला नेलं. सवलतीतलं व्हाउचर मी आधीच विकत घेतलं होतं. खिडकीजवळ बसलो, व्हाउचर दाखवलं, तर मॅनेजर म्हणाला, "व्हाउचरवाल्यांनी आत, बेसिनजवळ बसायचं."

आई लगेच पर्स घेऊन उठली. "चल बाई, कशाला तमाशा?"

"आई, तू बस," मी म्हणाले. "दादा, व्हाउचर तुमच्याच हॉटेलनं विकलंय. बेसिनजवळ बसायचं असं त्यावर कुठे लिहिलंय, दाखवा."

तो मेनू ठेवून निघून गेला. आई आधी अवघडली, मग तिनंच वेटरला हाक मारून आणखी पापड मागवला.

मी पुन्हा व्हाउचरच घेणार. तुम्ही असता तर उठला असता का?