तुंब्यातला सामा

सासूबाई गेल्या, यजमान गेले, दोघांनाही हे कधी कळलं नाही. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, सरळ लिहून टाकीन म्हटलं होतं — पण हात अडतोय.

शहराच्या लश्कर भागात, दौलतगंजला आमचं घर. संस्थान विलीन झालं आणि यजमानांची दरबारातली कारकुनी सरकारी कचेरीत गेली. जंगलही नव्या साहेबांकडे गेलं, आणि तिथल्या सहरिया आदिवासींना टेकडीवरून उठवायला लागले. गेंदी त्यांतलीच. दारी डिंक विकायला यायची, माझ्याच वयाची. एक दिवस तिने एक तुंबा, वाळवून पोकळ केलेला भोपळा, आणून दिला. आत राखेत घोळवलेलं बी, तोंड मातीने लिंपलेलं. सामा — आपल्या भगरीचा भाऊ. पहिली पेरणी करपली तरी मागाहून एक-दोन पावसांवर येणारा. त्यांची रीत अशी, की हे बी तीन घरांत ठेवायचं. एक घर बुडालं तर दुसऱ्यात राहतं. तिसरं घर माझं. "पक्के घर में आग नहीं लगती, बाई साब," म्हणाली. दर दिवाळीनंतर जुनं घेऊन जायची, नवं ठेवायची. मला ते खूळ वाटायचं.

मग मध्य भारत मोडून मध्य प्रदेश व्हायचं ठरलं. कोणती कचेरी भोपाळला जाणार, कुणाची बदली होणार — घरात दुसरा विषय नव्हता. त्या आषाढात पाऊस नव्हताच. एकादशीला यजमानांचे साहेब फराळाला यायचे होते, आणि मी भगर आणायला विसरले. खासगी बाजारची पेठ काय लांब होती? कुणालाही पाठवता आलं असतं. पण मग सासूबाईंना कळलं असतं की सून विसरली. चार बोल ऐकावे लागले असते. एवढंच. ह्याहून मोठं कारण किती वर्षं शोधते आहे — नाही सापडत.

मागच्या अंगणात जाऊन तुंब्याची माती उकरली. बी पाखडलं, उखळात कांडलं. साहेबांनी दोनदा मागून घेतली. सासूबाई म्हणाल्या, "आज भगर साधली हो!"

श्रावणात गेंदी आली. घरचं बी पेरलेलं उन्हात करपून गेलं होतं, भावाकडचं झोपडीसकट आगीत. नुकती एक सर पडून गेली होती, जमीन ओली होती, पेरायला दोन दिवस हातात होते. मी म्हणाले, उंदरांनी खाल्लं.

तिने तुंबा मागितला. फिरवून पाहिला — कुठे भोक नाही.

"बड़े सयाने चूहे हैं, बाई साब. ढक्कन खोल के खाए."

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी ओरडले. मला चोर म्हणतेस? चल, हो बाहेर! सासूबाई आल्या, त्यांनीही तिलाच झापलं — आणि मी झापू दिलं. गेंदी पायरीवर बसली. बोट ओलं करून हात तुंब्यात घातला, चिकटून राहिलेले दाणे वेचले. असतील पंधरा-वीस. पदराच्या टोकाला बांधले आणि गेली.

पुन्हा आली नाही. पुढे दुसऱ्या डिंकवालीने सांगितलं, ती सगळी वस्ती दगडाच्या खाणीवर गेली. पाऊस नव्हता, टेकडी गेली होती — सगळं खरं. पण बी माझ्याकडे होतं.

परवा नात आली. शेतकी कॉलेजात शिकते. हल्ली पावसाचं काही खरं नाही, म्हणून तिचे सर गावोगाव जुनं बी शोधत फिरताहेत, कमी पाण्यावर येणारं. मला विचारते, "आजी, तुला काही पता आहे का, सहरिया लोग पहले कुठला सामा लावायचे?"

मी म्हणाले, "मला गं काय माहीत?"

दाणा बारीक होता, लालसर. टरफल दोन कांडणात सुटायचं. शिजला की मोकळा राहायचा, तोंडात जरा गोडसर लागायचा. मला सगळं माहीत आहे. त्या दिवशी माझाही उपास होता.