मांजरीच्या पांढऱ्या पेशी

दुष्काळाचं साल होतं. उमरग्यात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी रक्त-लघवी तपासायच्या नोकरीला नुकतीच लागले होते. आमच्या घरात पगाराची नोकरी करणारी मी पहिलीच, त्यामुळं मायक्रोस्कोपसमोर उगीचच ताठ बसायची.

एका सकाळी जनावरांचे डॉक्टर आत आले. त्यांच्या मागं सोसायटीच्या गोदामाचे राखणदार मामा, छातीशी पोतं धरून. पोत्यातून मांजरीचं तोंड तेवढं बाहेर.

"बाई, हिचं रगत बघा," मामा म्हणाले. "दोन दिस झालं, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसती, पर पीत न्हाय. पोटात काय ठरतच न्हाय."

गोदामात वाटपाची लाल मिलो ज्वारी आली होती आणि तिच्यामागं उंदीर. मांजरी वर्षाचीसुद्धा नव्हती, पण तिच्या धाकानं पोती शाबूत होती. मामांना मूलबाळ नव्हतं. तिला ते 'लेकरू' म्हणत.

"हिनं विष खाल्लेला उंदीर खाल्ला असेल," जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "किंवा मांजरांचा तो विषाणूचा रोग असेल. त्यात पांढऱ्या पेशी एकदम घटतात. पेशी मोजल्या तर कळेल, पण माझ्याकडं ती सोय नाही."

"माणसाला लागतो का हो?" मी जरा मागं सरकत विचारलं.

"नाही. तुम्ही पिपेट धरा."

त्यांनी पुढच्या पायाची शीर शोधून रक्त काढलं. एरवी मांजरीनं फाडून खाल्लं असतं, पण तिच्यात तेवढी ताकदच नव्हती. मी थेंब बारीक चौकोन आखलेल्या काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपखाली पेशी मोजायला बसले. चौकोनामागून चौकोन रिकामा. माझंच काहीतरी चुकलं म्हणून पुन्हा मोजलं. तरी पेशी बोटांवर मोजण्याइतक्याच.

"तोच रोग," ते हळू आवाजात म्हणाले. "विषाणूवर औषध नाही. सलाईन देत राहू. टिकली तर आपल्याच जिवावर टिकेल."

ते मामांना घेऊन गेले. मी सवयीनं रिपोर्टची चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवली. तासाभरानं आमचे डॉक्टर ती हातात घेऊन धावतच आले.

"एवढ्या कमी पेशी! आणि पेशंटला घरी सोडलं? गाडी काढा, सोलापूरला हलवा!"

"सर, पेशंट मांजर आहे."

ते माझ्याकडं बघतच राहिले. आता नोकरी जाणार, असं मला वाटलं. मग ते खुर्चीत बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हसून झाल्यावर म्हणाले, "काच आहे का अजून? बघू तरी." आणि स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावून कितीतरी वेळ बसले. दुसऱ्या दिवशी सलाईनची बाटलीही त्यांनीच काढून दिली.

रोग दुसऱ्या मांजरांना लागू नये म्हणून मामांनी मांजरीच्या अंगाखालची रिकामी पोती जाळली, फरशी ब्लीचिंग पावडरनं धुतली. जनावरांचे डॉक्टर रोज येऊन तिच्या कातडीखाली सलाईन सोडत.

पाचव्या दिवशी दोघांनी मांजरीला पुन्हा रक्त तपासायला आणलं. या खेपेला तिनं जनावरांच्या डॉक्टरांचं मनगट ओरबाडलं आणि ते खूश झाले. मी मोजायला लागले. पहिल्याच चौकोनात पेशी दिसल्या, दुसऱ्यात त्याहून जास्त. मोजता मोजता मी मोठ्यानं आकडे म्हणायला लागले होते, हे मला बाहेरच्या बाकावरची माणसं डोकावायला लागली तेव्हा कळलं.

"मामा, पेशी आल्या! लई आल्या!"

मामा मांजरीला माझ्या मांडीवर ठेवून तडक बाहेर गेले आणि कागदात गुळाचे खडे घेऊन आले. बाकावरच्या प्रत्येकाच्या हातावर एकेक खडा ठेवत निघाले.

"नातू झाला का काय?" एका म्हातारीनं विचारलं.

"न्हाय वो आई," मामा म्हणाले, "पांढऱ्या पेशी झाल्या."

"बरं झालं बाबा," म्हणत तिनं खडा तोंडात टाकला.