वर्कशॉपमधला काळा पडदा

पदवीदानाच्या दिवशी आई-बाबा नामपूरहून पहाटेच्या एसटीने आले. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. त्यांना काय बघायचं होतं ते मला ठाऊक होतं. मी स्टेजवर जाते आणि पदवी हातात घेते, एवढंच. सभागृहात पालकांना जागा नव्हती. ते दुसऱ्या खोल्यांत बसून प्रोजेक्टरवर बघणार होते.

ती सोय आमच्या कॉलेजच्या नेटवर्क लॅबकडे होती. लॅबचे सर आणि मी, दोघांनीच ती केली. कॅमेऱ्याचं चित्र एकदाच पाठवायचं, आणि ज्या खोल्या मागतील त्यांना राउटरने त्याच्या प्रती पोचवायच्या. याला मल्टिकास्ट म्हणतात. तालमीच्या दिवशी ते चित्र कुणी न मागताही कॅम्पसभर सुटलं, ऑफिसपासून हॉस्टेलपर्यंत, आणि सगळं नेट अडकलं. म्हणून सरांनी राउटरवर फिल्टर लावायला सांगितला. चित्र फक्त मुख्य इमारतीत आणि लायब्ररीत जाऊ द्यायचं. ज्याला परवानगी लिहिलेली नाही त्याला राउटर आपणहून अडवतो, वेगळं सांगावं लागत नाही. मी तसं टाइप केलं. चाचणी घेतली. बरोबर चाललं.

कार्यक्रमाच्या दिवशी लायब्ररी दारापर्यंत भरली. शिपाईकाकांनी उरलेल्या लोकांना वर्कशॉपच्या ड्रॉइंग हॉलमध्ये नेलं आणि तिथला प्रोजेक्टर लावून दिला. त्यांत आई-बाबा होते. मी गाऊन घालून रांगेत उभी असताना बाबांचा फोन आला.

"पडदा काळाच शे," ते म्हणाले. तक्रार नव्हती. मला माहीत असावं म्हणून सांगितलं असेल.

काय झालंय ते मला लगेच कळलं. बिघडलं काहीच नव्हतं. वर्कशॉपसाठी एक ओळ वाढवली असती तर चित्र गेलं असतं. मी सरांना फोन केला.

"आता हात लावायचा नाही," सर म्हणाले. "एक आकडा चुकला तर सगळ्या खोल्या बंद पडतील. तिथेही कुणाचे तरी आई-वडील बसलेत."

ते खरंच होतं. मी बरं म्हणाले.

पुढे उभ्या असलेल्या मैत्रिणीने सगळं ऐकलं होतं. "वॉचमन बसवलास, पण घरच्यांना सोड म्हणून सांगितलंच नाहीस त्याला," ती म्हणाली. ती नेहमीच अशी चेष्टा करते. मी बहुतेक हसले.

नाव पुकारलं गेलं. मी गेले, पदवी घेतली, खाली उतरले. रडू येईल असं आधी वाटायचं, तेही आलं नाही. गाऊनच्या बाह्या लांब होत्या, सारख्या हातावर येत होत्या, हे मात्र आठवतं.

सगळं संपल्यावर सर म्हणाले, काढून टाक आता फिल्टर. लॅबमध्ये जाऊन तो काढला आणि मी वर्कशॉपकडे गेले. बाकीचे पालक निघून गेले होते. आई-बाबा तिथेच होते, कुणी उठा म्हटलं नव्हतं म्हणून. पडद्यावर चित्र आलं होतं. कॅमेरा बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नसावं. रिकामं स्टेज होतं, आणि दोन माणसं खुर्च्या एकावर एक रचत होती.

आई पडद्याकडेच बघत होती. "तू कोठे उभी व्हती?" तिने विचारलं.

मी पुढे होऊन पडद्यावर बोट ठेवलं, स्टेजवरच्या टेबलाच्या डावीकडे. आई उठून जवळ आली. तिने ती जागा नीट बघितली, आणि मग बाबांनाही बोलावलं.