हात हलवणारा बिबट्या

मोबाईलवर कार्टून लागलं, की तो त्यातल्या प्राण्याचं तोंड अंगठ्याने झाकायचा. "आता नुसतं डोळं बगा, भाऊ. हसू काढल्यावर काय राहतंय?"

तो अंगणवाड्यांच्या भिंती रंगवायचा. तुम्ही पिंपळवंडी ते महाळुंगे पडवळ फिरला असाल, तर त्याचे गुबगुबीत ससे आणि हात हलवणारे बिबटे पाहिलेच असतील. चित्रकला तो कुठे शिकला नव्हता. लहानपणी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिलेली कार्टून, तेवढंच शिक्षण. मी जुन्नरहून बातम्या देतो. एका अंगणवाडीच्या उद्घाटनाला आमची ओळख झाली.

ऊसतोड सुरू असताना त्याच्या वस्तीवर बिबट्या आला. बांधावर बसला होता. त्याची चार वर्षांची मुलगी ओट्यावरून बिबट्याला हात करत होती. तिची आई ओरडत धावली, तेव्हा बिबट्या उसात गेला.

"पोरगी म्हनली, पप्पा, त्यानं टाटा केला न्हाई." हे सांगताना तो ब्रश पुसत होता. ब्रश कोरडाच होता.

मग त्याने लहानपणची कार्टून शोधून पुन्हा पाहिली. "दरीत पडतंय, चपटं व्हतंय, लगीच उठतंय. रगात कुनालाच नाय. वाघ शेळीसंगं नाचतोय. आमी लई हसलो राव, आन तेच भिंतीवर काढलं."

"आपणही तेच पाहिलं की. आपण कुठे हात केला?" मी विचारलं.

"आपल्या टायमाला घरामागं बिबट्या कुटं व्हता?"



त्याने एका भिंतीवरचा बिबट्या नव्याने रंगवला. पोट जमिनीला टेकलेलं, नजर समोर. दुसऱ्या दिवशी मुलं दारातच अडली. सेविकाबाई चिडल्या. "अवो, पोरं आत यीनात! ह्याच्यापरीस तुमचा येडा बिबट्या बरा व्हता."

ते चित्र पाहिल्यापासून त्याची मुलगीही घराच्या ओट्यावर येईना. त्याने भिंतीला चुना फासला. "सावध करायची व्हती, भाऊ. घाबरवून बसलो."

मला तो शेवटचा दिसला उसाच्या रस्त्यावर, मुलीला अंगणवाडीत सोडताना. आमच्याकडे उसाजवळून जाताना लोक मोबाईल मोठ्याने लावतात. आवाजाने बिबट्या लांब राहतो. मुलगी कार्टूनशिवाय पाऊल टाकत नव्हती. त्याच्या खिशात कुठला तरी ससा खिदळत होता, आवाज पूर्ण वाढवलेला. मी गाडी थांबवून हाक मारली. त्याने मुलीला उसापासून लांबच्या बाजूला घेतलं आणि हातानेच मला पुढे जायला सांगितलं. उसावरची नजर त्याने काढली नाही.