पार्बताबाई बरडावर बसली

दर्यापूरच्या सडकेला लागून माझ्या मावशीचं, पार्बताबाईचं, दीड एकर रान. त्यात ती कोहळं लावायची. रानाच्या बांधाशी सरकारी बरड. मुरमाड, उघडंबोडकं, गवताची काडी न धरणारं. पण त्यात बारीक बिळं करून काळ्या माशा राहत. पहाटे कोहळ्याचं फूल उमललं की त्यांची हजेरी लागायची. मी मॅट्रिक पास, त्यामुळे ‘परागीभवन’ हा शब्द मला येत होता. बाकी सगळं मावशीला.

बासष्ट साली सडक रुंद व्हायला लागली. मुकादम शेषरावांची गँग मुरमासाठी बरडावर आली. सडकेपल्याडचं बरड त्यांनी आदल्या वर्षीच खरवडलं होतं. तिकडच्या वेलांना मग फुलं बख्खळ लागली, पण कोहळी लिंबाएवढी होऊन पिवळी पडली, गळाली. मावशीनं ते पाहिलं होतं. ती सरळ कुदळीपुढं जाऊन बसली.

शेजारचे नत्थुजी हळूच म्हणाले, “पार्बताबाई, एक गोटा मांड, शेंदूर फास. गँग हात नाही लावत.”

“शेंदूर आमी छप्पन साली, बुद्धाची दीक्षा घेतली तवाच सोडला, नत्थुजी. आता माशीसाठी खोटा देव आणू का?”

मी अर्ज लिहून देतो म्हटलं. “लिही ना बाप्पा,” ती म्हणाली, “तवरक मी इथंच हाय.”

गँग रोज यायची, मावशी रोज बसायची. आठव्या दिवशी ओव्हरसियर सायकलवर आले.

“बाई, माशांपायी सरकारी काम अडवता?”

“काम करा ना. मुरूम नाल्यापल्याड बी हाय.”

“बैलगाड्यांचा फेरा वाढेल.”

“वाढू द्या. बैल जुंपता येते, सायेब. माशी नाही जुंपता येत.”

मग तिनं त्यांना वेलांत नेलं. चार फुलांना उमलायच्या आधीच तिनं फडकी बांधली होती. सोडली, तर आत चारही कोहळी सुकलेली. शेजारच्या उघड्या फुलांची कोहळी मुठीएवढी झाली होती.

ओव्हरसियरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “हे मी कागदावर काय लिहू?”

“लिवा, बाई उठत नाही.”

त्यांनी खरंच तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी गाड्या नाल्याकडं वळल्या. तरी शेवटची गाडी नाला ओलांडेपर्यंत मावशी हलली नाही. कागदावर तिचा भरवसा होता, शेषरावांवर नव्हता.